पेपर छापून आला, पण त्याला उत्तरदायी कोण?

फेब्रुवारी 2025 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, एक यादी बंद केल्याचं जाहीर केलं आणि चर्चगेटपासून कल्याणपर्यंत कॉलेजांच्या स्टाफरूममध्ये तोच विषय सुरू झाला. यादीचं नाव यूजीसी-केअर. कोणत्या जर्नलमध्ये छापलेला पेपर बढतीसाठी धरायचा आणि कोणता नाही, हे या यादीवरून ठरायचं. आता आयोगाचं म्हणणं असं, की यादी आम्ही देणार नाही. चांगलं जर्नल कसं ओळखायचं याचे निकष सुचवतो, निवड तुमची तुम्ही करा.

घरात कोणी प्राध्यापक नसेल, पीएच.डी. करणारं नसेल, तर यात एवढं हवालदिल होण्यासारखं काय आहे ते कळणार नाही. पण डॉक्टर लिहून देतात त्या गोळीमागे आणि बाळाला टोचायच्या लशीमागे कुठे ना कुठे एक शोधनिबंध असतो. तो खरा आहे हे कोणी पाहिलं, आणि खोटा निघाला तर कोणाला धरायचं, हा प्रश्न सगळ्यांचाच आहे. मी प्राध्यापक नाही. संशोधनविषयक नियतकालिकांची मुद्रितं तपासते, त्यामुळे या मंडळींत ऊठबस असते. तिथून जे दिसतं ते सांगते.

जर्नल म्हणजे नेमकं काय?

जर्नल हे एक नियतकालिकच. फरक इतकाच, की त्यात छापला जाणारा मजकूर कोणीतरी नव्याने शोधून काढलेला असावा लागतो. 1665 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे सचिव हेन्री ओल्डेनबर्ग यांनी असं एक नियतकालिक सुरू केलं, ते आजही चालू आहे. त्याआधी शास्त्रज्ञ आपले शोध एकमेकांना पत्राने कळवत, नाहीतर कोणी चोरेल या भीतीने दडवून ठेवत. छापल्यामुळे दोन गोष्टी साधल्या. अमुक गोष्ट अमुक तारखेला अमक्याने सांगितली याची नोंद राहिली, आणि बाकीच्यांना ती तपासून पाहता येऊ लागली.

पैशाचा हिशेब मात्र जगावेगळा आहे. निबंध लिहिणाऱ्याला प्रकाशक मानधन देत नाही. निबंध तपासून देणाऱ्या तज्ज्ञालाही काही मिळत नाही. मग तोच निबंध वाचायला विद्यापीठं वर्गणी भरतात. आपल्या केंद्र सरकारने नोव्हेंबर 2024 मध्ये 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये, त्यात 30 प्रकाशकांची सुमारे 13,000 जर्नलं. म्हणजे तुमच्याआमच्या करातून हे वाचन चालतं. वर्गणीऐवजी लेखकाकडूनच फी घेऊन निबंध सगळ्यांना फुकट वाचायला ठेवायचा, असाही मार्ग आहे. त्याला 'ओपन अ‍ॅक्सेस' म्हणतात. त्यातून चांगलंही झालं आणि वाईटही. वाईटाकडे पुढे येते.

पण छापण्याआधी तपासतात ना?

तपासतात. या तपासणीला पिअर रिव्ह्यू म्हणतात. संपादक निबंध त्याच विषयातल्या दोन-तीन जाणकारांना पाठवतो, ते मत देतात, लेखक दुरुस्त्या करतो आणि मग छापायचं की नाही ते ठरतं. बहुतेक वेळा परीक्षक कोण हे लेखकाला कळत नाही.

इथे सर्वसामान्य वाचकाची गल्लत होते. परीक्षकाने तपासलं म्हणजे प्रयोग पुन्हा करून पाहिला, असं त्याला वाटतं. तसं नसतं. आपल्या हाउसिंग सोसायटीचा ऑडिटर आठवा. पाण्याची टाकी साफ केल्याचं बिल आहे का, त्यावर सही आहे का, रक्कम वहीशी जुळते का, हे तो बघतो. गच्चीवर चढून टाकीत डोकावत नाही. परीक्षकही कागदावरचं कागदाशी जुळतंय का ते बघतो. पद्धत बरोबर वापरली का, आकड्यांवरून काढलेला निष्कर्ष निघतो का, आधी कोणी हे केलंय त्याचा उल्लेख आहे का. आकडेच बनावट असतील आणि हुशारीने बनवले असतील, तर तो फसतो.

2020 चा मे महिना आठवा. करोनावर हायड्रॉक्सीक्लोरोक्विनची गोळी चालते की नाही यावर जगभर वाद पेटला होता. ती प्रतिबंधक म्हणून धारावी आणि वरळीतल्या लोकांना द्यावी का, यावर मुंबईतही एप्रिलमध्ये खल झाला होता. 22 मे रोजी 'द लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय जर्नलमध्ये निबंध आला, की या गोळीने रुग्ण जास्त दगावतात. आधार म्हणून 671 रुग्णालयांमधल्या 96,032 रुग्णांच्या नोंदी दाखवल्या होत्या. तीन दिवसांत जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या चाचणीतला त्या गोळीचा भाग थांबवला. मग इतर संशोधकांनी आकडे खोदायला घेतले. नोंदी पुरवणाऱ्या सर्जिस्फिअर या कंपनीने मूळ माहिती तपासायला द्यायचं नाकारलं, आणि 4 जूनला निबंध मागे घेतला गेला. गोळीचा उपयोग नाही हे पुढे नीट चाचण्यांमधून दिसलंच, पण तो वेगळा पुरावा. या निबंधाचे परीक्षक बिल बघत होते. टाकी कोणीच पाहिली नव्हती, अगदी सहलेखकांपैकी काहींनीसुद्धा.

म्हणून या क्षेत्रात नीतिनियम हा शोभेचा विषय नाही. सगळा डोलारा समोरच्याच्या शब्दावर उभा आहे आणि पोलीस नाही. प्रत्येकाने आपल्या वाट्याचं काम प्रामाणिकपणे केलं तरच तो टिकतो.

लेखकाच्या वाट्याला काय येतं?

आकडे मनाने लिहायचे नाहीत, असलेले आकडे सोयीने वाकवायचे नाहीत, दुसऱ्याचं आपलं म्हणून खपवायचं नाही. हे तिन्ही गुन्हे सगळ्यांना कळतात. एकच निबंध एका वेळी दोन जर्नलांना पाठवायचा नाही, हे नव्या लेखकांना बरेचदा माहीत नसतं. दोन्हीकडचे परीक्षक फुकट राबत असतात, त्यामुळे हा त्यांच्या वेळेशी केलेला अप्रामाणिकपणा ठरतो.

खरी अडचण नावांची. निबंधावर लेखक म्हणून कोणाचं नाव घालायचं? वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने याच्या चार अटी घातल्या आहेत. कामात भरीव वाटा असावा, लिहिण्यात किंवा मजकूर कसून तपासण्यात हात असावा, छापायला देण्याआधीचा अंतिम मसुदा वाचून मान्य केलेला असावा, आणि उद्या प्रश्न आले तर उत्तर द्यायची तयारी असावी. चारही अटी पुऱ्या व्हायला हव्यात. नुसतं विभागप्रमुख असणं, प्रयोगशाळा वापरू देणं किंवा पैसे मिळवून देणं पुरत नाही. त्यासाठी आभार मानायची जागा असते.

प्रत्यक्षात काय होतं? मुद्रितं लेखकाकडे गेली, अंक छपाईला जायचा, की फोन येतो. "मॅडम, एक नाव राहिलंय हो." कोणाचं? "आमच्या सरांचं. दुसऱ्या नंबरवर घ्याल का? आणि ते तिसरं नाव आहे ना, ते शेवटी टाका." सरांनी काय केलं, असं विचारलं की पलीकडे शांतता. मग हळूच उत्तर येतं, "सर गाईड आहेत ना." फोन करणारी मुलगी बिचारी पंचविशीतली असते, प्रबंधावर सही त्याच सरांची लागणार असते. आम्ही सगळ्या लेखकांच्या सह्यांचं पत्र मागतो. कधी पत्र येतं, कधी नाव घालायचा आग्रह सुटतो. ज्या मुलाचं नाव शेवटी ढकललं जातं, त्याला याची खबर अनेकदा अंक हातात पडल्यावरच लागते.

याच चौथ्या अटीमुळे चॅटजीपीटीसारख्या साधनाला लेखक म्हणून घेता येत नाही. ते उत्तरदायी होऊ शकत नाही. 2023 च्या सुरुवातीला काही निबंधांवर त्याचं नाव खरोखर आलं होतं, नंतर नियम स्पष्ट झाले. भाषा सुधारायला वापरलंत तर तसं सांगा, चूक निघाली तर ती तुमची. 2024 मध्ये एका जर्नलने उंदराचं यंत्राने काढलेलं चित्र छापलं होतं. त्यातले अवयव अशक्य आकाराचे आणि शेजारची नावं निरर्थक. संपादक आणि परीक्षक अशा सगळ्यांच्या नजरेखालून ते गेलं. वाचकांनी हसून हसून बोंब मारली तेव्हा काही दिवसांतच मागे घेतलं.

दहा टक्क्यांच्या आत आहे, मग चोरी कशी?

हा आक्षेप मी इतक्यांदा ऐकलाय, की त्याला वेगळी जागा द्यायलाच हवी. यूजीसीच्या 2018 च्या नियमांत साम्याच्या, म्हणजे आधीच्या लिखाणाशी किती मजकूर जुळतो त्याच्या, पायऱ्या आहेत. 10 टक्क्यांपर्यंत साम्य किरकोळ, शिक्षा नाही. 10 ते 40 टक्के असेल तर विद्यार्थ्याने सहा महिन्यांत सुधारून द्यायचं. 40 ते 60 टक्क्यांना सुधारलेला प्रबंध द्यायला वर्षभर बंदी. त्याहून जास्त असेल तर नोंदणीच रद्द. शिक्षकांसाठी वेतनवाढ रोखणं आणि काही काळ गाईड म्हणून काम करू न देणं अशा शिक्षा आहेत.

सॉफ्टवेअर मोजतं ते शब्दांचं साम्य. चोरी म्हणजे काय, हे त्याला कळत नाही. संदर्भ देऊन अवतरणात घेतलेला उतारा साम्य दाखवू शकतो, तो निर्दोष असतो. उलट इंग्रजी पुस्तकातलं अख्खं प्रकरण मराठीत उतरवून प्रबंधात घातलं तर साम्य जवळजवळ शून्य येऊ शकतं. मराठीतल्या संशोधनाला हा रोग जुना आहे आणि तो यंत्राने सहज पकडला जात नाही. तो पकडतो विषय जाणणारा परीक्षक, ज्याने मूळ पुस्तक वाचलेलं असतं. टक्केवारीचा दाखला प्रबंधाला जोडला की काम झालं, अशी समजूत झाल्यामुळे खरी तपासणी उलट सैल पडली, असं माझं मत आहे.

श्रेयाची एक गोष्ट, परळमधली

नीतिनियमांच्या चर्चेत नेहमी लबाडांचीच उदाहरणं येतात. एक दुसऱ्या बाजूचं सांगते.

6 ऑगस्ट 1986 रोजी केईएम रुग्णालयात हर्षा नावाची मुलगी जन्मली. भारतातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ म्हणून तिचं कौतुक झालं. यामागे डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्याच पुनरुत्पादन संशोधन संस्थेचे संचालक डॉ. टी. सी. आनंद कुमार यांचं काम होतं. पण त्याआधी, 3 ऑक्टोबर 1978 रोजी कोलकात्यात असंच बाळ जन्माला आल्याचं डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी सांगितलं होतं. त्यांच्याकडे रीतसर छापलेला, तपशीलवार निबंध नव्हता. राज्य सरकारच्या समितीने त्यांचा दावा फेटाळला, परदेशात जाऊन आपलं काम मांडायची परवानगी मिळाली नाही, आणि 1981 मध्ये त्यांनी आत्महत्या केली.

1997 मध्ये मुखोपाध्याय यांची हस्तलिखित टिपणं आनंद कुमारांच्या हाती आली. ती वाचून त्यांची खात्री पटली, की हा माणूस खरं बोलत होता. त्याच वर्षी त्यांनी 'करंट सायन्स' या जर्नलमध्ये नाव घेऊन लिहिलं, की पहिलेपणाचा मान मुखोपाध्याय यांचा आहे. म्हणजे स्वतःच्या नावावर अकरा वर्षं असलेला मान त्यांनी स्वतः काढून दिला, आणि तोही भाषणात नाही, तर जर्नलमध्ये, जिथे नोंद कायम राहते तिथे. कोणी मागितलं नव्हतं. टिपणं कपाटात ठेवून दिली असती तर कोणाला कळलंही नसतं.

संपादक आणि परीक्षक चुकले तर?

परीक्षकाने हातात आलेला निबंध गुप्त ठेवायचा, त्यातली कल्पना उचलायची नाही, आणि लेखक आपला मित्र, शिष्य किंवा वैरी असेल तर संपादकाला तसं सांगून बाजूला व्हायचं. याला हितसंबंध उघड करणं म्हणतात. संपादकाने निर्णय निबंधाच्या दर्जावर घ्यायचा. प्रकाशकाच्या नफ्यावर किंवा लेखकाच्या खुर्चीवर नाही. आणि तक्रार आली तर ती दाबायची नाही.

हितसंबंध लपवल्याचं सगळ्यात महागात पडलेलं उदाहरण 1998 चं आहे. अँड्र्यू वेकफिल्ड यांच्या 'लॅन्सेट'मधल्या निबंधाने 12 मुलांच्या नोंदींवरून गोवराच्या लशीचा संबंध स्वमग्नतेशी जोडला. लसउत्पादकांवर दावा लावू पाहणाऱ्या वकिलांकडून त्यांना पैसे मिळत होते, ते वाचकांना सांगितलेलं नव्हतं. पत्रकार ब्रायन डिअर यांनी हे उघडकीला आणलं. नोंदींतही फेरफार केल्याचं बाहेर आलं. निबंध पूर्णपणे मागे घेतला गेला तो 2010 मध्ये. मधल्या बारा वर्षांत ब्रिटनमध्ये लसीकरण घसरलं, गोवर परतला, आणि ती भीती अजून पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरते आहे.

परीक्षणातही लबाडी होते. अनेक जर्नलं लेखकालाच विचारतात, की परीक्षक म्हणून कोणाची नावं सुचवाल? 2014 मध्ये सेज या प्रकाशकाने एका जर्नलमधले 60 निबंध एकदम मागे घेतले. बनावट ईमेल पत्ते तयार करून आपल्याच टोळीतल्या माणसांकरवी परीक्षण उरकलं जात होतं.

अशा वेळी दाद कुठे मागायची? 1997 मध्ये ब्रिटनमधल्या काही वैद्यकीय संपादकांनी मिळून कोप नावाची संस्था काढली. आज जगभरची हजारो जर्नलं तिची सदस्य आहेत. लेखकांमध्ये भांडण झालं तर काय करायचं, आकडे बनावट असल्याचा संशय आला तर आधी कोणाला विचारायचं, याच्या पायऱ्या तिने आखून दिल्या आहेत. कोप हे न्यायालय नाही, ती कोणाला दंड करत नाही. संशयाची चौकशी करायचं काम शेवटी लेखकाच्या संस्थेवरच येतं, आणि अनेक संस्था तिथेच अळीमिळी गुपचिळी करतात. आपलं नाव खराब होईल, ही भीती.

बोगस जर्नलांचं काय?

प्राध्यापकांच्या फोनवर येणारा हा निरोप. "आदरणीय सर/मॅडम, आंतरराष्ट्रीय बहुविद्याशाखीय जर्नल. कोणत्याही विषयाचा पेपर चालेल. आज पाठवा, परवा छापून मिळेल. आयएसएसएन आहे, इम्पॅक्ट फॅक्टर सातच्या वर. फी माफक, सर्टिफिकेट सोबत. एकदम तीन पेपर दिल्यास सवलत." शेवटी जोडलेले हात.

यातली प्रत्येक गोष्ट सांगतेय की यापासून लांब राहा. दोन दिवसांत परीक्षण होत नाही. कोणताही विषय चालतो म्हणजे कोणत्याच विषयाचा जाणकार नाही. आयएसएसएन हा नियतकालिकाच्या नावाचा नोंदणी क्रमांक, दर्जाचा शिक्का नव्हे. इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे त्या जर्नलमधल्या निबंधांचा इतर निबंधांत सरासरी किती वेळा उल्लेख होतो त्याचा आकडा. खरा आकडा क्लॅरिव्हेट ही कंपनी देते, खोटे आकडे विकणारी दुकानं वेगळी. लेखकाकडून फी घेणं हा गुन्हा नाही, नावाजलेली जर्नलंही भरमसाट घेतात. फी घेऊन तपासणी न करणं, हा गुन्हा.

या धंद्यात आपल्या देशाचं नाव फार चांगलं नाही. 2013 मध्ये 'सायन्स'चे पत्रकार जॉन बोहॅनन यांनी ढोबळ चुका असलेला एक खोटा निबंध 304 ओपन अ‍ॅक्सेस जर्नलांना पाठवला. 157 जणांनी स्वीकारला. यात भारतातून चालणारी जर्नलं भरपूर होती. हैदराबादच्या ओमिक्स या प्रकाशकाविरुद्ध अमेरिकी न्यायालयाने 2019 मध्ये 5 कोटी डॉलरहून जास्त रकमेचा निकाल दिला. परीक्षण होतं असं खोटं सांगणं आणि फी आधी न सांगणं, असे त्यांच्यावरचे ठपके होते. यूजीसीने स्वतः मे 2018 मध्ये आपल्याच मंजूर यादीतली 4,305 जर्नलं काढून टाकली होती. केअर ही यादी आली ती त्यानंतर. तीही आता गेली.

मोठी नावंही सुरक्षित आहेत असं समजू नये. विले या जुन्या प्रकाशकाने 2021 मध्ये हिंदावी ही कंपनी विकत घेतली आणि 2023 या एका वर्षात तिच्या जर्नलांमधले 8,000 हून जास्त निबंध मागे घ्यावे लागले. पैसे घेऊन तयार निबंध विकणारे कारखाने असतात, त्यांना पेपर मिल म्हणतात. त्यांचा माल विशेषांकांच्या दारातून आत शिरला होता.

"आम्हाला दुसरा मार्ग काय?"

उपनगरातल्या कॉलेजात शिकवणारा प्राध्यापक हे विचारतो तेव्हा त्याला उपदेश करायची माझी हिंमत होत नाही. आठवड्याला सोळा तास लेक्चरं, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, नॅकची, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाची, फाईल, निवडणुकीची ड्युटी. प्रयोगशाळा नावापुरती. आणि बढतीसाठी, म्हणजे त्यांच्या भाषेत कॅससाठी, पेपर मोजले जातात. 2018 च्या नियमांत एका पेपरला विज्ञानात 8 आणि भाषा-मानव्यविद्यांत 10 गुण आहेत. ज्याला संशोधन करायची उसंत नाही त्याच्याकडून संशोधनाचा पुरावा मागितला, की बाजारात पुरावा विकायला येणारच.

एक शहाणपणाचं पाऊल पडलं आहे. 2022 च्या नियमांत यूजीसीने पीएच.डी.चा प्रबंध देण्याआधी पेपर छापण्याची सक्ती काढली. पण गुणांचा हिशेब आहे तिथेच आहे. त्यामुळे केअर यादी गेल्यावर जबाबदारी आली ती कॉलेजच्या समितीवर, आणि ही समिती पेपरची संख्या मोजणार की एखादा तरी उघडून वाचणार, यावर बरंच ठरेल. माझ्या मते उमेदवाराने आपले सर्वांत चांगले दोन निबंध द्यावेत आणि ते समितीने वाचावेत, बाकी मोजूच नयेत. याला वेळ लागतो, हा आक्षेप खरा आहे. बनावट पेपर छापून आणायलाही कोणाचा तरी वेळ आणि पैसा जातच असतो.

निबंध मागे घेतला म्हणजे माणूस चोर?

नेहमीच नाही. मागे घेणं म्हणजे, "यावर विसंबू नका" अशी जाहीर सूचना. निबंध जागेवरून पुसत नाहीत, त्यावर ठळक शिक्का मारतात आणि कारण छापतात. उपकरणात बिघाड होता, हिशेब चुकला, म्हणून स्वतःहून मागे घेणारे लेखकही असतात. मी तर त्यांचे पुढचे निबंध जास्त भरवशाने वाचेन. 2023 मध्ये जगभरात 10,000 हून जास्त निबंध मागे घेतले गेले. त्यात लबाडी वाढल्याचा भाग आहे, तसा पकडणारे वाढल्याचाही. विद्यापीठांच्या राष्ट्रीय क्रमवारीत अशा निबंधांसाठी गुण कापायचं 2025 मध्ये ठरलं. हेतू चांगला आहे, पण प्रामाणिक चूक आणि फसवणूक एकाच काट्याने मोजली तर लोक चूक कबूल करायचं टाळतील. ही भीती मला वाटते.

न सुधारलेली खोटी नोंद काय करते याचं उदाहरण आपल्या रानपिंगळ्याचं. हा छोटा घुबडवर्गीय पक्षी 1884 नंतर दिसलाच नव्हता. अपवाद एकच, रिचर्ड माइनर्टझहागेन या ब्रिटिश अधिकाऱ्याची 1914 सालची नोंद, गुजरातमधल्या मांडवीची. साक्षात सलीम अलींनीही हा पक्षी शोधून पाहिला, हाती काही लागलं नाही. 1990 च्या दशकात पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयांतले नमुने तपासले तेव्हा कळलं, की माइनर्टझहागेनने ब्रिटनच्या संग्रहालयातला जुना नमुना चोरून, नव्याने शिवून, त्यावर खोटी चिठ्ठी लावली होती. ती नोंद बाद करून जुन्या खऱ्या ठिकाणांकडे पथक गेलं आणि नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा सापडला. एका खोट्या चिठ्ठीने लोकांना ऐंशीहून जास्त वर्षं चुकीच्या रानाकडे बघायला लावलं. 2014 मध्ये तोच पक्षी तानसा अभयारण्यात, मुंबईला पाणी देणाऱ्या तलावाच्या परिसरात दिसला.

मराठी नियतकालिकांना हे झेपेल?

मुंबईत मराठी संशोधन मंडळाच्या 'मराठी संशोधन पत्रिके'सारखी नियतकालिकं आहेत, गावोगावीही आहेत. त्यांची बरीचशी एखाद-दुसऱ्या संपादकाच्या खांद्यावर चालतात. कोपचं सदस्यत्व, परीक्षणाचं सॉफ्टवेअर, ही चैन त्यांना कुठली, असं विचारलं जातं. पण नीतिनियमांचा मोठा भाग बिनखर्चाचा आहे. निबंध किती जणांनी वाचला, संपादक मंडळात कोण आहे आणि ते खरोखर काम करतात का, फी घेतली असेल तर किती, मागच्या अंकातल्या चुका कोणत्या, हे सगळं शेवटच्या पानावर मावतं. चूक दाखवायची असेल तर कोणाला आणि कोणत्या पत्त्यावर लिहायचं, तेही. मी चाळते त्या बहुतेक अंकांत वर्गणी कुठे पाठवायची ते ठळक छापलेलं असतं. तक्रारीचा पत्ता क्वचित असतो.